सॉग्रास की सेंट अँड्र्यूज? दोन्हीकडचं सतरावं होल

'ईए स्पोर्ट्स पीजीए टूर' या गोल्फच्या व्हिडिओ गेममध्ये ऑनलाइन खेळताना फ्लोरिडातलं सॉग्रास आणि स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज ही दोन्ही मैदानं घाम काढतात. सॉग्रासचं सतरावं होल जेमतेम १३७ यार्डांचं, पार ३, म्हणजे तीन फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा. पण ग्रीनला, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला, चहूबाजूंनी पाणी. वारा बघा, क्लब निवडा, मारा. चुकलात की चेंडू पाण्यात, वर दंडाचा फटका.

सेंट अँड्र्यूजचं ४९५ यार्ड, पार ४. पहिलाच फटका हॉटेलच्या आवारावरून, अंदाजाने. पुढे आडवं, अरुंद ग्रीन. अलीकडे दबा धरून बसलेला खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, पलीकडे रस्ता आणि दगडी भिंत. मला हेच जास्त अवघड वाटतं, आणि जिवापाड आवडतं. इथे खळग्यातल्या झेंड्याच्या मागे लागूच नका. दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या पुढच्या कडेला थांबवा आणि दोन पटमध्ये, म्हणजे ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत, पार काढा.