परदेशी निघताना जळगावचं हे मेडिकल बरं

मी म्युनिकला राहतो, थायरॉइडची गोळी रोजची. भारतातून पोस्टानं औषध मागवणं जर्मनीत चालत नाही. स्वतःपुरतं, साधारण 3 महिन्यांचं, सोबत नेता येतं. म्हणून सुट्टीत नव्या पेठेतलं हे मेडिकल ठरलेलं. दुकानदार भाऊ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही. वर म्हणे, ‘ब्रँड तिकडे कोण ओळखतं? डॉक्टरांकडून लेव्होथायरॉक्सिन असं औषधाचं मूळ नाव लिहून आणा.’ पटलं. लांब एक्स्पायरीची बाटली शोधून देतो, बॅच नंबरासह पक्कं बिल देतो, गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका म्हणून बजावतो. संध्याकाळी गर्दी बेक्कार. मागवलेला माल उशिरा येतो, निघायच्या आदल्या दिवशी जाऊ नका.