दिवाळीच्या भेटींसाठी आरडी आणि वही: दहा महिने वापरल्यावर

दिवाळीच्या भेटींसाठी वेगळी आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा हप्त्याची ठेव, आणि शंभर पानी वही, एवढीच ही पद्धत. पैसे साठतात हे खरं, पण दुकानातली घालमेल थांबते ती वहीमुळे.

आरडी दरमहा 500 ची, दहा हप्त्यांची. बारा महिन्यांची काढू नका. लक्ष्मीपूजन 2024 ला 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला आलं. नोव्हेंबरात वर्षाची आरडी काढली, तर पैसे हातात पडेपर्यंत भाऊबीज उलटून जाते. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. दहा हप्त्यांची सप्टेंबरात सुटते. 6 टक्क्यांनी व्याज दीडशेच्याही आत, तेव्हा त्याकडे बघून काढू नका. गल्लीतली भिशी सोपी वाटते, पण ती बुडाली तर दाद कुणाकडे मागणार? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही.

वहीत चार रकाने: नाव, गेल्या वर्षी काय दिलं, यंदाची रक्कम, माप. रक्कम घरूनच पेनाने लिहून निघायचं. शेवटी दोन नावं कोरी सोडायची, कारण ऐनवेळी कुणीतरी आठवतंच. मापाचा रकाना आधी नव्हता, ती चूक कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, नडली. हातानं केलेल्या कोल्हापुरीचा नंबर दुकानागणिक थोडा फिरतो. त्यामुळे संध्याकाळी, पाय जरा सुजलेला असताना, माणसाला कागदावर उभं करा आणि पेन्सिल अगदी सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढा. पेन्सिल आत कलली की माप अरुंद येतं. दुकानात तोच कागद चपलेच्या तळव्यावर ठेवून बघा: टाच आणि अंगठा आत बसले पाहिजेत. पट्टा अंमळ घट्ट असला तरी चालतो, वापरून चामडं रुंदीला सैलावतं. लांबीला कमी पडली तर मात्र इलाज नाही. रोज पावसापाण्यात चालणाऱ्याला ही भेट देऊच नये, भिजून तळ फुगतो.

सात-आठ घरांना सारखंच द्यायचं असेल तर एक किलो गूळ आणि एक किलो आजरा घनसाळ तांदूळ यासारखी भेट नाही. घरात ती वापरली जाते, शोकेसमध्ये धूळ खात पडत नाही. गूळ पिवळाधमक दिसला की हायड्रोसची, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाची, शंका घ्या, तांबूस-तपकिरी बरा. नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तो हवेतली ओल ओढून पाझरतो. आधी बटर पेपर, मग घट्ट झाकणाचा डबा. डब्याचे पैसेही त्या घराच्या रकमेत धरा, नाहीतर हिशेब तिथेच फसतो.

घटस्थापनेपासून महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते. त्याआधीच्या पितृपंधरवड्यात दुकानं निवांत असतात. खरेदी चालत नसली तरी भाव विचारायला काय हरकत? दुकानदारही बसून चार जोड दाखवतो. दसरा झाला की वही घेऊन एका फेरीत उरकायचं.

नोव्हेंबर 2025 पासूनच्या वहीत एक पान वाढवावं लागतं. 17 मे ते 15 जून 2026 हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचं वाण आलंच. दिवाळीच्या पैशाला हात लागू नये म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 300 ची सहा महिन्यांची दुसरी आरडी काढायची. मेच्या पहिल्या आठवड्यात 1,800 आणि वर थोडं व्याज हाती येतं.