केमो की इम्युनोथेरपी? आधी एमजीएमटीचा रिपोर्ट बघा

बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतला आक्रमक कॅन्सर, निघाला की घरातलं कुणीतरी रात्रभर फोनवर शोधत बसतं आणि सकाळी डॉक्टरांना विचारतं, "केमोऐवजी इम्युनोथेरपी नाही का देता येणार?" प्रश्न रास्त आहे. मेलानोमात (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) आणि फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराने, चित्रच पालटलं. मेंदूतल्या या गाठीत मात्र ते घडलेलं नाही.

इथली केमो म्हणजे टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल. आधी साधारण सहा आठवडे रेडिएशनसोबत रोज, मग २८ दिवसांतले ५ दिवस, अशा सहा फेऱ्या. अनेक जण रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेतात, त्याआधी उलटीची गोळी. २००५ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे आकडे आले: नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले) १२.१ महिने, केमो जोडल्यावर १४.६. एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप? पण दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण पाहा: १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के.

हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. टेमोझोलोमाइड पेशीच्या डीएनएला इजा करतं, एमजीएमटी नावाचं प्रथिन ती इजा दुरुस्त करतं. गाठीत हे प्रथिन बनवणारं जनुक 'मिथिलेटेड', म्हणजे रासायनिक खुणेने दबलेलं, असेल, तर दुरुस्ती थंडावते आणि औषध चांगलं लागू पडतं. नसेल, तर फायदा अगदी थोडा.

म्हणजे इम्युनोथेरपीला खरी संधी या दुसऱ्या गटात होती. तिथेच निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि टेमोझोलोमाइड समोरासमोर आले, दोन्हीकडे रेडिएशन होतंच. निकाल: निवोलुमॅबवर १३.४ महिने, केमोवर १४.९. जी केमो इथे कमकुवत, तिच्याही मागे! मिथिलेटेड रुग्णांना केमोच्या जोडीला निवोलुमॅब देऊन पाहिलं, तरी आयुष्य वाढलं नाही.

कारणं गाठीतच आहेत. तिच्यात टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, मुळात कमी शिरतात, शिरलेल्यांनाही ती निष्प्रभ करते. त्यात मेंदूची सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतं, आणि सूज जास्त असेल तर ते टाळताही येत नाही.

त्रास दोन्हींत आहे, जात वेगळी. केमोत थकवा, मळमळ, बद्धकोष्ठता, आणि प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घसरणं; म्हणून रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. इम्युनोथेरपीत शरीराचीच फौज आतडी, यकृत, फुप्फुसं किंवा थायरॉइडवर उलटू शकते, कधी औषध थांबवल्यानंतरही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: नव्याने निदान झालेल्या रुग्णाने केमो सोडून इम्युनोथेरपी स्वतःच्या खिशातून विकत घेऊ नये. घ्यायचीच तर रीतसर क्लिनिकल ट्रायलमध्ये. अपवाद आहे तो डीएनए-दुरुस्तीचा (एमजीएमटीहून वेगळा) जन्मजात दोष असलेल्या मोजक्या रुग्णांचा. त्यांच्यात, विशेषतः मुलांमध्ये, निवोलुमॅबसारख्या 'चेकपॉइंट' औषधांना प्रतिसाद दिसला आहे.

ट्रायलचा विचार असेल तर ऑपरेशनच्या आधीच विचारा. इम्युनोथेरपीतल्या काही लसी रुग्णाच्या स्वतःच्या गाठीपासून बनवतात आणि त्यासाठी गाठीचा तुकडा ऑपरेशनच्या वेळीच वेगळा जपून ठेवावा लागतो. तो सगळा फॉर्मलिनमध्ये (तपासणीसाठी ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) गेला, की ती वाट बंद.