म्युझिक प्लेअर गाडीला जोडायला गेलो आणि ७९,४०८ रुपये गेले

७९,४०८ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. घरच्यांपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकजण पहिल्यांदा तोच विचारतो आणि तो कळला की पुढचं कोणी ऐकून घेत नाही. मला पुढचंच सांगायचं आहे.

शेतीपंपांच्या सुट्या भागांचा माझा धंदा. भोरहून वरंध घाट उतरून महाड, कधी आंबेनळीतून पोलादपूर, अशी सारखी फिरती. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून गाणी वेगळ्या छोट्या प्लेअरमध्ये भरून ठेवली आहेत. वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी मुलीने रात्री जागून त्यात उतरवून दिल्या. जुन्या गाडीत ऑक्सची, म्हणजे हेडफोनच्या भोकात लावायची वायर लावली की काम व्हायचं. आता घेतलेल्या सेकंडहँड गाडीत बाहेरून बसवलेला स्टिरिओ आहे, त्याला ऑक्सची सोयच नाही. यूएसबीला लावलं की प्लेअर चार्ज व्हायचा, पण स्टिरिओवर 'नो डिव्हाइस'. ब्लूटूथवर स्टिरिओचं नाव दिसायचं, जोडायला गेलं की तुटायचं. ॲक्सेसरीजवाला म्हणाला, सेट बदला, साडेसात हजार होतील. चांगला चालणारा सेट का बदलायचा? म्हणून स्टिरिओच्या कंपनीच्या कस्टमर केअरला विचारायचं ठरवलं. यात चूक काय आहे ते मला कोणीही दाखवून द्यावं.

नेटवर नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला त्यावर कंपनीचं नाव होतं, लोगो होता. असे खोटे नंबर नेटवर कसे पेरलेले असतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही ऐकून माहीत होतं. पण ऐकलेले सगळे किस्से बँकेच्या आणि विजेच्या बिलाच्या नावावरचे होते. गाडीच्या स्टिरिओसाठी कोणी सापळा लावून बसलं असेल हे कोणाच्या डोक्यात येईल?

माणूस अतिशय अदबीने हिंदीत बोलत होता. गाडीत बसा म्हणाला, स्टिरिओ चालू करा, ब्लूटूथची जुनी नावं काढून टाका, आता मोबाइल जोडा. मोबाइल लगेच जोडला गेला आणि त्याचा आवाज गाडीच्या चारही स्पीकरमधून यायला लागला. तिथे माझा विश्वास बसला. इतके दिवस न जमलेली गोष्ट जमल्यासारखं वाटलं. खरं तर मोबाइल जोडायला कधीच अडचण नव्हती, अडचण प्लेअरची होती. "सेट चांगला आहे सर, फक्त सॉफ्टवेअर अपडेट राहिलंय," असं सांगून त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि रजिस्ट्रेशनचे दहा रुपये कार्डाने भरायला सांगितले. मग ग्राहकाची 'पडताळणी' म्हणून आधी मोबाइलवर माहिती भरायला आणि नंतर नेटबँकिंगमध्ये पासवर्ड टाकायला लावलं. दहा रुपयांसाठी कोण वाद घालतं?

आणि इथेच ती गोष्ट आहे जी मला अजून झोपू देत नाही. त्याने स्टिरिओचं मॉडेल शेवटपर्यंत विचारलं नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिलं वाक्य माझं असतं, "पंप कोणत्या मेकचा, किती एचपीचा?" ते कळल्याशिवाय वॉशरसुद्धा देता येत नाही. तो माणूस मॉडेल न विचारता अपडेट करायला निघाला होता आणि मी, जो आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलो, तो गप्प बसून ऐकत होतो.

मग म्हणाला, आता मोबाइलला हात लावू नका, अपडेट मध्येच तुटलं तर सेट कायमचा बंद पडेल. मोबाइल डॅशबोर्डवरच्या स्टँडमध्ये होता. स्क्रीन काळी, मधोमध एक गोल फिरत होता. आणि स्टँडमध्ये मोबाइल थरथरला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. ते बँकेचे मेसेज होते. माझा हात स्टेअरिंगवर, मोबाइल वीतभर अंतरावर, आणि स्पीकरमधून तो सांगत होता, "बस सर, दोन मिनिट." २४,९९९ रुपये. २४,९९९ रुपये. १९,५०० रुपये.

मी कोणाला ओटीपी सांगितला नाही. पिन सांगितला नाही. हे ठासून लिहितो, कारण बँकेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे मला 'तुम्हीच ओटीपी दिला असणार' असं ऐकवतात. स्क्रीन शेअर करणारं ॲप एकदा आत गेलं की ओटीपी सांगावा लागत नाही, समोरचा तो तुमच्याच स्क्रीनवर वाचतो. टाइप केलेला पासवर्डही त्याला दिसतो. मोबाइलवर आणि टीव्हीवर 'ओटीपी कोणाला सांगू नका' एवढंच घोकून घेतात. स्क्रीन दाखवू नका हे तेवढ्याच जोरात कोण सांगतं?

फोन कट झाला, मेसेज वाचले, बायकोच्या मोबाइलवरून बँकेला फोन लावला. मराठीसाठी दाबा, कार्डसाठी दाबा, सोळा आकडी नंबर टाका. पैसे चोरीला चाललेल्या माणसाला आधी कर्जाची जाहिरात ऐकवली. ११ वाजून ५० मिनिटांनी एक बाई बोलल्या. सगळं सांगितलं. "सर, तुमचं कार्ड ब्लॉक केलं आहे, काळजी करू नका." १२ वाजून १४ मिनिटांनी नेटबँकिंगमधून आणखी ९,९०० रुपये गेले. तक्रार केल्यानंतर २४ मिनिटांनी! त्यांनी फक्त कार्ड बंद केलं होतं. खातं उघडं होतं, आणि माझ्या मोबाइलमधलं ते ॲप तसंच चालू होतं.

म्हणून बँकेला फोन कराल तेव्हा नुसतं 'कार्ड ब्लॉक करा' म्हणू नका. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग, खात्यातून पैसे बाहेर जाण्याची प्रत्येक वाट बंद करा, असं म्हणा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि त्याच्याही आधी मोबाइलचं नेट बंद करा.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पावती क्रमांक मिळाला. हा नंबर लगेच लावा, पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत अडवले तरच काही उरतं. माझे किती अडले याचं उत्तर कोणी देत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणे पैसे गेले ते खातं पुण्याच्या शाखेत आहे, पुण्यात तक्रार द्या. पुण्यात गेलो तर गुन्हा घडला तुमच्या अंगणात, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. मी कलमाची प्रिंट घेऊन गेलो, तर हवालदार म्हणाला, "काका, तुम्ही वकील का?" तक्रार अर्ज म्हणून कागद ठेवून घेतला, शिक्का मारला. एफआयआर नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्या खात्याचा नंबर मी त्यांना हातात दिला होता. तोतयेगिरी करून फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती कोणाला होणार, जर पहिला कागदच फाइलला लागणार नसेल?

बँकेचा राग याहून मोठा आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. मॅनेजरसमोर ते ठेवलं, ११.५० चा कॉल आणि १२.१४ चा व्यवहार पेनाने गोल करून दाखवला. म्हणाले, "व्यवहार योग्य पासवर्डने झालाय, आम्ही काही करू शकत नाही." तक्रारीआधी गेलेल्या, ते दहा रुपये धरून, ६९,५०८ रुपयांवर तुम्ही माझ्याशी भांडा, मी ऐकून घेईन. पण हे ९,९०० तुमच्या डोळ्यांदेखत गेले! लेखी उत्तर मागितलं तर ईमेल करा म्हणाले, ईमेलला यंत्राचं उत्तर आलं. शाखेत तोंडी काही बोलू नका, दोन प्रतीत अर्ज द्या आणि एकीवर सही-शिक्का घ्या.

प्लेअरचं काय झालं तेही सांगतो, कारण हीच अडचण घेऊन नंबर शोधणारे आणखी असतील. बाजारपेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने वायर हातात घेऊन सांगितलं की ही नुसती चार्जिंगची आहे. यूएसबीच्या वायरीत आत चार तारा लागतात, लाल-काळी विजेची, पांढरी-हिरवी माहितीची. बऱ्याच स्वस्त वायरींत नुसती पहिली जोडी असते. दुसरी वायर लावली. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबीचा मोड (फाइली देण्याची पद्धत) एमटीपी होता, तो पेनड्राइव्हवाला एमएससी केला, कारण गाडीचे बरेच सेट पेनड्राइव्हसारखं दिसणारंच यंत्र वाचतात. मेमरी कार्ड एक्सफॅट या फाइली साठवायच्या पद्धतीत होतं, ते एफएटी ३२ या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून गाणी परत भरली. एवढंच. त्याने पैसे घेतले नाहीत. ब्लूटूथ तुटत असेल तर दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने करा, शक्यतो जवळपासच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवून. कंपनीचा नंबर हवाच असेल तर सेटच्या खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा घ्या. सेकंडहँड गाडीत ते कागद मिळत नाहीत, तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता हाताने टाकून तिथून घ्या, शोधात वर आलेला कधीच नको.

बँकेला लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. मी कॉलची नोंद, खात्याचा उतारा, १९३० चा पावती क्रमांक असे सगळे कागद लावून ठेवले आहेत. त्या ९,९०० साठी मी लोकपालाकडे जाणार आहे, मग त्याहून जास्त खर्च झाला तरी चालेल.

आणि कोणाच्याही सांगण्यावरून तुमच्या मोबाइलमध्ये असलं स्क्रीन शेअर करणारं ॲप कधी टाकलं असेल, पैसे गेले नसले तरी, तर ते आत्ता काढा आणि दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदला.