पहिल्या वर्षाची पुस्तकं: नागपुरात वापरून पाहिल्यावर

लेक आता वर्षाची होत आली. तिच्या निमित्ताने घरात बाळसंगोपनाची पाच पुस्तकं जमली. एक महिन्यागणिक चालणारं जाडजूड अमेरिकन, एक भारतीय बालरोगतज्ज्ञांनी इंग्रजीत लिहिलेलं, दोन मराठी (एक डॉक्टरांचं, दुसरं आयुर्वेदाच्या अंगाने जाणारं) आणि एक आत्येसासूबाईंच्या धरमपेठेतल्या कपाटातून आलेली, अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉ. स्पॉक यांच्या पुस्तकाची पिवळी पडलेली प्रत. आज उशाशी दोनच आहेत. आता मैत्रिणी विचारतात, "कोणतं घेऊ?" तेव्हा मी लेखकाचं नाव नंतर सांगते. आधी म्हणते, दुकानातच पुस्तक उघड आणि ते कोणत्या सालचं आहे ते बघ.

स्पॉक यांचं पुस्तक पहिल्यांदा १९४६ साली आलं. आईबापांशी इतक्या समजूतदारपणे बोलणारं पुस्तक त्याआधी क्वचितच असेल, आणि ती भाषा आजही वाचायला गोड वाटते. पण पुढच्या काही दशकांतल्या आवृत्त्यांमध्ये बाळाला पोटावर झोपवा असा सल्ला होता. कारणही पटण्यासारखं होतं: उताणं बाळ ओकलं तर घशात अडकेल. पुढे अभ्यासांतून दिसलं ते उलटंच. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका पोटावर झोपणाऱ्या बाळांना जास्त होता. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पोटावर न झोपवण्याची शिफारस केली, आणि स्पॉक यांच्या नंतरच्या आवृत्त्याही बदलल्या. म्हणजे माणूस तोच, पुस्तक तेच, नुसत्या सालाने सल्ला फिरला. आत्येसासूबाईंची प्रत पोटावरवाल्या काळातली आहे. ती मी प्रेमाने शोकेसमध्ये ठेवली.

शेंगदाण्याचंही तसंच. २००० च्या सुमारास अमेरिकेत ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगत. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला, आणि २०१५ साली लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. जास्त धोका असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा द्यायला सुरुवात झाली, त्यांच्यात पुढे ॲलर्जी खूपच कमी दिसली. आपल्याकडे तर भाजीत, चटणीत, उसळीत, जिकडेतिकडे दाण्याचं कूट. सहा महिन्यांनंतर आम्ही तेच अगदी बारीक करून खिचडीत कालवलं. अख्खा दाणा मात्र अजिबात नाही, तो घशात अडकतो. आणि बाळाला जबर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, कथा-कादंबऱ्या मीही तिथूनच घेते. बाळाचं पुस्तक मात्र तिथून घेऊ नये, ते याच्यासाठी.

मराठी पुस्तकांत एक वेगळीच गोम आहे. मुखपृष्ठावर 'आठवी आवृत्ती' असतं आणि आत मजकूर पहिल्या आवृत्तीचाच, नुसता पुन्हा छापलेला. 'सुधारित' हा शब्द असला तरी भरवसा नाही. मी लसीकरणाचं पान काढून बघते. तिथे त्रिगुणी लस, पोलिओचे थेंब आणि गोवर एवढंच असेल तर पुस्तक खाली ठेवते. पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल ही नावं हवीत, आणि नवव्या महिन्याला नुसता गोवर नाही तर गोवर-रुबेला. ही लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. ज्यांनी हे पान बदललं नाही त्यांनी बाकीची पानं बदलली असतील असं मला वाटत नाही.

सालानंतर देश. अमेरिकन पुस्तक म्हणजे 'व्हॉट टू एक्स्पेक्ट द फर्स्ट इयर', १९८९ पासून चालत आलेलं. रात्री अडीचला 'हे असं का करतेय?' असा प्रश्न पडला की उत्तर सापडतंच. खोकला, उचकी, हिरवी शी, सगळ्याला स्वतंत्र परिच्छेद. सूची इतकी नेटकी की झोपेच्या गुंगीतही पान मिळतं. पण लसींच्या तक्त्यात क्षयरोगावरची बीसीजी नाही, कारण तिथे ती सरसकट देतच नाहीत. आपल्याकडे जन्मल्याबरोबर देतात. काही आठवड्यांनी दंडावर फोड येते, पिकते, व्रण राहतो. आमच्या शेजारच्या घरात त्या फोडीवरून रडारड झाली होती. भारतीय डॉक्टरांच्या पुस्तकात त्यावर चारच ओळी आहेत: हे अपेक्षित आहे, काही लावू नका, पिळू नका. त्या चार ओळींची किंमत मोठी आहे.

आणि ऊन! लेक फेब्रुवारीची, म्हणजे मे महिन्यात तिसरा संपून चौथा लागलेला. बाहेर पारा ४५ च्या आसपास, कुलर दिवसरात्र चालू, आणि परदेशी पुस्तकांत खोलीचं तापमान २० ते २२ अंश ठेवा. नागपुरात ते जानेवारीत आपोआप होतं, मे महिन्यात ते वाचून हसू येतं. आजेसासूबाई मौद्याहून आल्या आणि पहिलाच प्रश्न, "काऊन वं, लेकराले पाणी नाई पाजत का? जीव सुकून जाईन ना तिचा!" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांनी सहा पोरं याच उन्हात वाढवली. पण पहिले सहा महिने अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं पाणी नको, कडक उन्हाळ्यातही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वरच्या पाण्याने पोट भरतं, दूध कमी प्यायलं जातं, आणि पाणी स्वच्छ नसलं तर जुलाब. अमेरिकन पुस्तकात हे आहे, पण आजींना ते वाचून दाखवून काय उपयोग? मराठी डॉक्टरांच्या पुस्तकात हेच एका पानात होतं, आणि शिवाय एक खूण दिली होती: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, रंग फिका असेल, तर पाणी पुरतंय. आजींनी ते पान चष्मा लावून स्वतः वाचलं. मग लंगोट मोजायचं काम त्यांनीच घेतलं. पाण्याची वाटी पुन्हा आली नाही. "मंग आईनं तरी पानी पे," असं म्हणून माझ्यासमोर तांब्या मात्र दर तासाला ठेवला.

हे पान मी पुस्तकांचा हिशोब करताना सगळ्यात वर धरते. इंग्रजी पुस्तक घरात 'तिचं पुस्तक' होतं. सासूबाई म्हणायच्या, "काय लिहिलंय तुझ्या पुस्तकात?" आणि त्यात थोडी थट्टाही असायची. मराठी पुस्तक दिवाणावर पडलेलं असायचं, येणाराजाणारा चाळायचा, आणि चर्चा माझ्याशी न होता पुस्तकाशी व्हायची. बाळ जर आजी-आजोबांच्या हातात वाढणार असेल (मी सहाव्या महिन्यानंतर परत बँकेत रुजू झाले), तर पुस्तक त्यांना वाचता यायलाच हवं. मांडणी, कागद, चित्रं यात आमचं मराठी पुस्तक अमेरिकन पुस्तकाच्या जवळपासही नाही. फोटो काळपट, सूची नाहीच. तरीही ते जिंकलं.

आयुर्वेदाच्या अंगाचं पुस्तक सासूबाईंच्या बाजूने बोलायचं, म्हणून त्याच्याबद्दल जपून लिहिते. मालिश, अंघोळ, शेक, बाळंतिणीचं खाणं यावर त्यात जी माया आहे ती इतर कुठल्याच पुस्तकात नाही. तेल लावून अंग रगडणं आम्ही आनंदाने चालू ठेवलं. नाका-कानात तेल घालणं मात्र बंद केलं, ते श्वासनलिकेत गेलं तर धोका. गुटीवर आमचं जमलं नाही. सहाणेवर उगाळलेलं मुरडशेंग, वेखंड, जायफळ बाळाच्या तोंडात जाताना सहाण किती स्वच्छ आणि जायफळ किती, याचं माप कुणाकडे नसतं. मधाचं तर कोणत्याच रूपात नाही: वर्षाच्या आत मध दिल्याने बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. या पुस्तकात मध सहज आला आहे. म्हणून ते उशाशी राहिलं नाही, पण बाळंतपणाच्या पानांसाठी बहिणीला दिलं आहे.

महिन्यागणिक पुस्तकांचा खरा त्रास पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर सुरू होतो. पान उघडलं की या महिन्याअखेर बाळाने काय काय करायला हवं याची यादी. लेक रांगायचं नावच घेईना, बसल्या बसल्या सरकायची. माझी आई फोनवर रोज विचारायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय बसायचं वय ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालायचं ८.२ ते १७.६ महिने असं पसरलेलं आहे. चारेक टक्के बाळं तर हाता-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. पुस्तकाने एक आकडा न देता पट्टा दिला आहे का, हे मी आता बघते. भारतीय डॉक्टरांच्या पुस्तकात पट्टा आहे, आणि कधी थांबायचं नाही हेही आहे. नऊ महिने होऊनही बसत नसेल, नावाला वळत नसेल, तर दाखवा. वॉकरचा मोह त्याच पुस्तकाने मोडला. कॅनडाने २००४ साली वॉकरवर बंदी घातली, इकडे दुकानात तो अजून दर्शनी भागात लटकतो.

वजनाच्या बाबतीत एक शंका सगळ्यांनाच असते की तक्ते गोऱ्या बाळांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या तक्त्यांत दिल्लीतली बाळंही मोजलेली होती. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर, जे सरकारी केंद्रात फुकट मिळतं, मुलींचा आणि मुलांचा आलेख वेगळा असतो. खरं सांगायचं तर पाचही पुस्तकांपेक्षा जास्त वेळा आम्ही ते कार्ड उघडलं.

खाण्याच्या प्रकरणात अमेरिकन पुस्तक आमच्याकडे निम्मं बाद झालं. ॲव्हाकाडो, बटरनट भोपळा, डब्यातलं तांदळाचं सीरियल. सल्ला बरोबर आहे (सहाव्या महिन्यानंतर लोह हवं), पण स्वयंपाकघर वेगळं. भारतीय पुस्तकाने वरणाच्या नुसत्या पाण्याला सरळ नाही म्हटलं. चमच्यातून ओघळणार नाही इतपत घट्ट हवं, म्हणजे प्रत्येक घासात काही तरी जाईल. मूगडाळीची खिचडी, नाचणी, वर तूप, मीठ-साखर वर्षभर नाही. हिवाळ्यात संत्री आली तेव्हा आजोबा रस काढायला बसले. नागपूरच्या घरात संत्र्याला नाही म्हणणं म्हणजे! पण २०१७ पासून अमेरिकन बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आत फळांचा रस नको म्हणतात. तडजोड अशी झाली की आजोबा फोड सोलून, बिया आणि साल काढून बारीक तुकडे देतात, आणि उरलेली दहा संत्री स्वतः खातात.

दुकानात फुकट मिळणाऱ्या गुळगुळीत पुस्तिकांबद्दल एक सूचना. कुठल्याही दूध पावडरीचं किंवा बाळाच्या डब्याचं नाव त्यात दिसलं तर त्या ठेवून द्याव्यात. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा पदार्थांच्या जाहिरातीला बंदी आहे. स्तनपानासाठी झटणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ साली आपल्या शेजारच्या वर्ध्यातच सुरू झाली. आणि घरी जाऊन नवजात बाळ बघायची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, ती पुढे देशभरच्या आशाताईंकडे गेली. काटोलकडच्या माझ्या वहिनीने एकही पुस्तक घेतलं नाही. तिच्याकडे आशाताई पहिल्या दीड महिन्यात ठरल्या दिवशी येत, अंग कोमट आहे का, नाळ कशी आहे, दूध ओढतंय का, बघून जात. पुस्तकावर पैसे खर्च करायच्या आधी ही सोय तुमच्याकडे आहे का, ते विचारा.

कोणतंही पुस्तक पारखायची माझी एक खूण आहे. 'ताप' काढायचा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी काही न करता लगेच डॉक्टरांकडे, हे ठळक लिहिलंय का? आमच्या दोन मराठी पुस्तकांपैकी एकातच आहे. दुसऱ्यात ओल्या फडक्याचा उपाय आहे.

उशाशी राहिलेली दोन म्हणजे भारतीय डॉक्टरांचं इंग्रजी आणि डॉक्टरांचं मराठी. पहिलं बाळाला पाच वर्षं होईपर्यंत पुरेल असं दिसतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षासाठी वेगळं पुस्तक घेणार नाही. अमेरिकन पुस्तक वाईट नाही. इंग्रजी सवयीचं असेल, घरात दोघंच असाल आणि रात्री प्रश्न फार पडत असतील तर घ्या, फक्त नवी आवृत्ती घ्या आणि लसी व खाण्याची पानं सोडून वाचा. माझी प्रत सध्या मनीषनगरच्या मैत्रिणीकडे आहे, तिचं बाळ मार्चमध्ये येईल. तिला लसींच्या पानावर खडूने फुली मारून दिली आहे.