दारव्ह्यातला बीपीचा दवाखाना, गर्दी लय पण जाण्यासारखा हाय
आमच्या बाबाले दोन वर्षापासून बीपी हाय, आधी जिथं दाखवत होतो तिथं शेजारच्या काकाले जी गोळी तीच बाबाले, अ‍ॅम्लोडिपिन १०, अन् पाय असे सुजले का चप्पल पायात जाईना, सांगितलं तर म्हणे मीठ कमी करा. मग इथं आणलं. या डॉक्टर मॅडमनं आधी पाच मिनिटं गप बसवलं, मग दोन्ही हाताचं बीपी, मग उभं करून परत, तर वरचा आकडा २० नं खाली! कोणी उभं करून पाहतेच कुठं? बाबाले शुगर हाय, लघवीत प्रोटीन निघालं, म्हणजे किडनीवर ताण, म्हणून टेल्मिसार्टन ४० (किडनीलेही जपणारी बीपीची गोळी) सुरू केली अन् अ‍ॅम्लो अर्ध्यावर आणली. मॅडम म्हणे, "काका, उन्हातान्हात वावरात जाता ना, मंग लघवी वाढवणारी बीपीची गोळी तुमाले सध्या नको, चक्कर येईन." नवी गोळी किडनीले सोसते का म्हणून पंधरा दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन-पोटॅशियम परत पाहिलं. सूज उतरली, घरच्या मशीनवर १३० च्या आसपास येते आता.
बाजाराच्या दिवशी मात्र जाऊच नका, तीन तास बसाव लागते अन् पंखा एकच. जुन्या गोळ्यांचे पत्ते सोबत न्या, आम्ही विसरलो तर मॅडमनं बाबासमोरच झापलं मले.