दहा, सहा आणि तीन वर्षांच्या पोरांना एकत्र वाचून दाखवायची पुस्तकं: एका आबांचा अभिप्राय

पुस्तकाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "मुलाचं वय काय?" आमच्या घरी त्याचं उत्तर दहा, सहा आणि तीन असं आहे. हे ऐकल्यावर दुकानदार बहुधा मधला आकडा धरतो आणि सहा वर्षांच्या पोराचं पुस्तक काढून देतो. ते घेऊ नका. दहा वर्षांच्या पोरीला ते बाळबोध वाटतं, ती भिंतीकडे तोंड करून पडते. आणि थोरलीनं पाठ फिरवली की खालच्या दोघांनाही त्या पुस्तकात काही राम वाटत नाही. भावंडांत हे असंच चालतं.

मी एसटीत कंडक्टर होतो, सातारा डेपोला. आता निवृत्त आहे, पण भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज अजून शाबूत आहे. त्यामुळे रात्री जेवणं झाली की वाचनाचं खातं माझ्याकडे. सूनबाई पुस्तकं आणते, मी वाचतो, पोरं निकाल देतात. तोच निकाल खाली लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच की पुस्तक थोरलीच्या कानाला साजेसं घ्यावं. पोराला स्वतः वाचता येतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त कळतं, त्यामुळे सहाचा दहाच्या पुस्तकात आरामात टिकतो. प्रश्न तीनचीचा असतो. तिला गोष्ट नको असते, तिला मध्येच ओरडायला काहीतरी हवं असतं, आणि कंटाळा आला की उठून जायची आणि परत यायची मुभा हवी असते. म्हणून प्रकरणं छोटी पाहिजेत. जाडी किंवा चित्रांची संख्या मी नंतर बघतो.

या कसोटीला सगळ्यात चोख उतरलेलं पुस्तक म्हणजे 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं मूळ जपानी पुस्तक 1981 चं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, प्रकाशक नॅशनल बुक ट्रस्ट, त्यामुळे किंमतही खिशाला झेपणारी. प्रकरणं दोन-तीन पानांची, प्रत्येकात एक पूर्ण किस्सा. धाकटी एखाद्या रात्री झोपून गेली तरी दुसऱ्या दिवशी तिचं काही अडत नाही.

सुरुवातीलाच तोत्तोचान ही छोटी मुलगी स्टेशनवर तिकीट परत द्यायला तयार होत नाही. तिला ते ठेवून घ्यायचं असतं, आणि मोठेपणी आपण तिकिटं विकणार असं ती जाहीर करून टाकते. इथं तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझी किंमत त्या रात्री जी वाढली ती अजून टिकून आहे. धाकटीनं सकाळी उठून तिकिटाला भोक पाडायचा माझा पंच मागितला. तो डेपोत जमा झाला, हे तिला काही पटत नाही.

मग ती शाळा. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी, कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक असलेली. पहिल्याच भेटीत ते या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. आधीच्या शाळेनं तिला काढून टाकलेलं असतं, कारण ती डेस्कचं झाकण सारखं उघडते-मिटते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. मधल्याला हे फार जवळचं वाटलं. त्याच्या बाईंचा निरोप घरी आला होता तोही जवळपास असाच होता.

सगळ्यात जास्त वेळा मागणी झाली ती पाकिटाच्या प्रकरणाला. तोत्तोचानचं आवडतं पाकीट संडासात पडतं. ती मागच्या बाजूला जाऊन खड्ड्यातला सगळा मैला बाहेर उपसत बसते. मुख्याध्यापक येतात, बघतात, आणि झालं की सगळं परत आत टाकशील ना, एवढंच विचारून निघून जातात. ओरडणं नाही, शिक्षा नाही. मधला गादीवर लोळून हसला, धाकटी "शी! शी!" करून नाचली. थोरली मात्र उठून बसली आणि म्हणाली, "आबा, आमच्या शाळेत असं झालं असतं तर?" मी पान उलटलं.

एकाच प्रकरणात तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी उचलल्या. एकत्र वाचायच्या पुस्तकाकडून यापेक्षा जास्त मागू नये.

दोन-तीन जागा मात्र आधी वाचून ठेवा. जत्रेतून आणलेली कोंबडीची पिल्लं मरतात. पोलिओ झालेला यासुआकी, ज्याला तोत्तोचान खटपट करून आपल्या झाडावर चढवते, तोही पुढे मरण पावतो. शेवटी 1945 च्या बाँबहल्ल्यात शाळा जळते. ही प्रकरणं मी दुपारी थोरलीला एकटीला वाचून दाखवली. तिला रडायला मोकळीक मिळाली आणि रात्रीची झोपही बिघडली नाही. चित्रं चिहिरो इवासाकी यांची, अगदी हळुवार हातानं काढलेली, पण तीनचीचं पोट भरेल इतकी नाहीत.

तिचं पोट भरलं ते माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी. 'राधाचं घर' हा ज्योत्स्ना प्रकाशनचा छोट्या पुस्तकांचा संच. आई, बाबा, आजी, आजोबा असं घरातलं एकेक माणूस, पानावर थोडासाच मजकूर. आता तुम्ही म्हणाल, हे तर माझ्या नियमाच्या उलट झालं. पण ही पुस्तकं मी वाचतच नाही. थोरली धाकटीला वाचून दाखवते, मधला चुका काढतो, मी चहा पितो. 'बाबांच्या मिश्या'च्या वेळी मात्र मला बोलावणं येतं, कारण घरात मिश्या फक्त मला आहेत. त्यांचीच 'वाचू आनंदे' ही चार भागांची मालिका बालगट आणि कुमारगट अशी विभागलेली आहे. आमच्याकडे कुमारगटाचं वय जवळ आलेली थोरली बालगटातलेच उतारे मागते आणि मधला मुद्दाम कुमारगट उघडून बसतो. गटबिट छापणाऱ्यांच्या सोयीसाठी असतात, पोरांनी ते पाळायलाच हवेत असं नाही.

कविता हव्या असतील तर विंदा करंदीकर. 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ'. यांतल्या पहिल्या दोन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीच्या, पण वाचताना कुठेही शिळ्या लागत नाहीत. मोठ्यानं वाचायला याहून सोपं काही नाही, कारण लयच तुम्हाला ओढत नेते. तीनचीला अर्थ कळत नाही आणि काही बिघडत नाही, ती यमकाची वाट बघत थांबते आणि बरोबर जागेवर ओरडते. दहाचीला त्यातला तिरकसपणा कळू लागलाय. पिशी मावशी रात्री वाचताना दिवा चालू ठेवा. मधल्यासाठी नाही, माझ्यासाठी. घसा बसेपर्यंत भुताचे आवाज काढले की मला झोप लागत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी फार हौसेनं काढला. फुरसुंगीचा बनेश, सायकल, पुणं, आणि त्याचा तो तोंडानं काढलेला सुप्रसिद्ध 'ट्टॉक' आवाज. थोरली आणि मधला खूश. पण कथानक लांबलचक चालतं, आणि एक रात्र चुकली की धागा सुटतो. तीनचीच्या वाट्याला फक्त 'ट्टॉक' आला. तो तिनं इतका मनावर घेतला की जेवताना, अंघोळीला, पाहुण्यांसमोर तेच. दोघं मोठे असतील तर जरूर घ्या. तिसरं लहान असेल तर एखाद-दोन वर्षं थांबा.

'श्यामची आई' बद्दल लोक माझ्याशी भांडतील. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि मांडणीच मुळी रोज रात्री गोष्ट सांगण्याची आहे, प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. म्हणजे बांधणी मोठ्यानं वाचायचीच. तरी सलग वाचू नये असं माझं मत. रोज रडायचं म्हटलं की पोरं आधीच तोंड पाडून बसतात. आठवड्यातून एखादी रात्र पुरे. आणि विकत घेताना नीट बघा. गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे कॉपीराइटची साठ वर्षं कधीच संपली आहेत. बाजारात डझनांनी आवृत्त्या आहेत, त्यांतल्या काही बारीक टाइपाच्या, काही गुपचूप छाटलेल्या. माझ्या वयाच्या डोळ्यांना टाइप हा मोठा मुद्दा आहे.

फुकटात हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी ढिगानं आहेत, वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या. दर्जा मात्र कमीजास्त. काहींचं मराठी इंग्रजीच्या अंगरख्यात आलेलं, वाचताना जीभ अडखळते. शिवाय फोन समोर आला की तीन डोकी एकमेकांवर आपटतात. सूनबाई निवडक गोष्टी छापून आणते, मग तंटा होत नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही ऑनलाइन विनामूल्य बघायला मिळतात. त्यांतले मी थोरलीसाठी चाळतो आणि निम्मा वेळ स्वतःच वाचत बसतो.

एकच घ्यायचं असेल तर 'तोत्तोचान' घ्या. आमची प्रत मधून उसवलीय, चिकटपट्टीवर तग धरून आहे. तीन वर्षांचं पोर घरात असेल तर आणल्याबरोबर दुकानातून प्लास्टिकचं कव्हर घालून घ्या, आणि वाचताना पुस्तक तिच्या हातात देऊ नका. तिला राधा द्या.